कंबर

देवकाबाईची कंबर अशी धरली होती की कित्येक वर्षं तिला खाली वाकताच येत नव्हतं. मोहफुलांच्या दिवसांत गावच्या बाया टोपल्या घेऊन जंगलात जायच्या आणि ती दारात काठी टेकून ताठ उभी असायची. चंद्रपूरला फिजिओथेरपिस्ट असलेली तिची लेक दामिनी दर सुट्टीला येऊन तिच्याकडून व्यायाम करून घेऊ लागली.

“तुह्या दवाखान्यातले पेशंट पळून नाई जात का वं?” देवकाबाई कण्हत विचारायची.

“पळता आलं म्हणजे बरे झाले समजतो, माय. वाक अजून.”

होळी सरली आणि देवकाबाई टोपली घेऊन सगळ्यांच्या पुढे निघाली. मोहाखाली वाकून फुलं वेचत शेजारच्या चंदाला म्हणाली, “पाह्य वं, माह्या पोरीनं मले नवी कंबर देली.”

तेवढ्यात मागच्या झुडपातून वाघाने झेप घेऊन तिची मान धरली. बाया ओरडल्या, दगड फेकले, तरी त्याने तिला पार नाल्यापर्यंत फरफटत नेलं. दामिनी पोचली तेव्हा आईला फक्त लुगड्यावरून ओळखता येत होतं.

“माणसावर काऊन आला थो?” तिने वनरक्षकाला विचारलं.

तो तिच्याकडे न पाहताच म्हणाला,

“उभ्या माणसावर वाघ सहसा येत नाई, बाई. वाकलेलं माणूस त्याले जनावर वाटते.”