हरकत नाही

"शेजाऱ्यांचं काय म्हणणं आहे?" सुनावणीत नगरपालिकेच्या साहेबांनी विचारलं, तशी घाणेकरांनी काठी घट्ट धरली. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले आणि राहणं वरच्या मजल्यावर. कुंपणालगत नियमाने मोकळी सोडायची जागा असते, तिथे त्यांना लिफ्ट बांधायची होती. त्यासाठी खास सवलत लागणार होती आणि शेजारची शालन ती मिळू देणार नाही, हे सगळी गल्ली धरून चालली होती. घाणेकरांनी तर अपिलासाठी वकीलसुद्धा बघून ठेवला होता.

शालनच्या नवऱ्याचं अंग लुळं पडलं, तेव्हा त्याची चाकाची खुर्ची अंगणात उतरावी म्हणून तिने आपल्या बाजूच्या मोकळ्या जागेत सिमेंटचा उतार केला होता. घाणेकरांनी तक्रार ठोकली. "वहिनी, नियम म्हणजे नियम," म्हणत स्वतः उभं राहून तो फोडायला लावला. त्यानंतर नवरा घराबाहेर पडला तो तिरडीवरूनच.

शालन उठली. "माझी हरकत नाही, साहेब. पाय गेलेल्या माणसाला घराबाहेर पडता यावं, त्याच्या आड कोण येईल? एवढं हलकट कोण असतं?"

घाणेकर खाली बघत पुटपुटले, "वहिनी, त्यापेक्षा हरकत घ्यायची होती."

"छे हो! लिफ्टचं दार माझ्या खिडकीसमोरच उघडणार ना, भाऊजी? मग झालं तर."

घरी येताच तिने माळ्यावरची रिकामी खुर्ची उतरवली, पुसली, चाकांना तेल घातलं आणि खिडकीत नेऊन ठेवली, लिफ्ट होणार होती तिकडे तोंड करून.