पालीची नवी शेपटी

भगवानने हॉलमधला बाबासाहेबांचा फोटो उतरवला, तशी मागे दडलेली पाल खाली पडली. फ्रेमची कड तिला लागली असावी. पाल कपाटामागे पसार झाली आणि शेपटी तेवढी लादीवर वळवळत राहिली.

फोटो घेऊन तो आतल्या खोलीत गेला. त्याची आई, गयाबाई, खाटेवर बसली होती. आजवर प्रत्येक बिऱ्हाड हलवताना टेम्पोत तिने हा फोटो मांडीवर घेतला होता. आताही घेतला. पदराने काच पुसली. ते बघणं भगवानला जड गेलं.

पण करणार काय? बदलापूरच्या या फ्लॅटचे मालक, विष्णुपंत, पहिल्यांदाच चहाला येणार होते. अ‍ॅग्रीमेंट वाढवायचं होतं. आजवर सगळं एजंटमार्फत झालं होतं आणि जाधव आडनावावरून कुणाला काही उमगत नाही. आधीच्या अंबरनाथच्या घराचे मालकही असेच चहाला आले होते. भिंतीकडे बघत गोड बोलले, कपाला हात लावला नाही आणि आठवड्याभरात पुतण्याला हवी म्हणून खोली रिकामी करायला सांगितली. पुतण्या काही आला नाही, खोलीला कुलूपच राहिलं. पुन्हा घर शोधत फिरायची भगवानला धास्ती वाटत होती.

तो हॉलमध्ये आला. यशोधरा शेपटीजवळ उकिडवी बसली होती. पोरगी उल्हासनगरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होती. शत्रूने गाठलं की पाल स्वतःच शेपटी तोडते, तो वळवळीकडे बघत राहतो आणि ही निसटते, असं तिने सांगितलं. भगवानला बरं वाटलं. पाल शहाणीच म्हणायची.

"पण शेपटी परत येते ना?"

"येते ना पप्पा. दिसते पण जवळजवळ तशीच. फक्त तिच्यात हाड नसतं."

यशोधरा हे फोटोवरून बोलली नव्हती. ती अजून लादीकडेच बघत होती. भगवान मात्र भिंतीकडे बघत राहिला. तिथे फोटोएवढा चौकोन उजळ दिसत होता.

बेल वाजली. यशोधरा उठली.

"थांब, दार नको उघडू," भगवान म्हणाला.

तो आत जाऊन फोटो घेऊन आला आणि स्टुलावर चढला. घाईत खिळा सापडेना. मागोमाग आलेल्या गयाबाईने न सांगता स्टूल धरलं. बेल पुन्हा वाजली. भगवान खाली उतरला, दोन पावलं मागे सरला, फोटो सरळ लागलाय ना ते बघितलं.

"आता उघड."