तिसरा पेला

कॉफी उकळत असताना देवानेही दारात थांबावं, असं मुलूवर्कचं ठाम मत होतं. मुलाने, फिक्रूने, जर्मनीहून कॉफीचं यंत्र पाठवेपर्यंत. “आई, आता तासभर शेगडीपाशी बसू नकोस. यावर पटकन होतं.” सोबत एकेका पेल्यापुरत्या डब्या, आत काळीकुट्ट भाजलेली कॉफी, इथिओपियातल्याच यिर्गाचेफ्फे गावच्या एकाच मळ्यातली. म्हणजे मुलूवर्कच्या माहेरचीच.

फिक्रूचा जीव शेजारच्या झेनेबेचच्या लेकीवर, हिरुतवर, होता. लग्नाची मागणी कॉफीच्या तिसऱ्या, शेवटच्या पेल्यावर घालायची, हे अदिस अबाबात कुणाला शिकवावं लागत नाही. तोवर बिया भाजून, कुटून, उकळून दुपार कलते, अख्ख्या गल्लीची निंदा उरकते आणि पाहुणी मऊ पडते.

यंत्राने मात्र झेनेबेच शाल काढून बसते न बसते तोच तिसरा पेला भरला. आणि तिसरा पेला आला म्हणून मुलूवर्कने रीतीप्रमाणे विषय काढला.

“अगं, मी अजून नीट टेकलेसुद्धा नाही!” झेनेबेच म्हणाली. “एवढी घाई? पोरात काही खोट आहे की काय?”

“छे गं, हे यंत्रच मेलं...”

“यंत्राला कशाला बोल लावतेस? आमची हिरुत काही वाटेवर पडलेली नाही.” शाल पुन्हा खांद्यावर गेली.

संध्याकाळी फिक्रूचा फोन आला. “आई, झालं का गं बोलणं?”



“झालं रे. तुझ्या यंत्रावर खरंच पटकन होतं.”