माझ्याआधी झालेली सही

पैज लावा, हे कुणी खरं मानणार नाही! ऑफिसातली फाईल बाहेर जाण्याआधी मी काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करायचो, पासवर्ड द्यायचो, की तिच्यावर माझी डिजिटल सही व्हायची. पासवर्ड बायकोलाही ठाऊक नव्हता.

एका दुपारी कमांड देण्याआधीच सही झालेली. तपासली, तर अस्सल माझीच! पासवर्ड बदलला, पुढच्या फाईलवरही सही तयार.

माझ्या नावावर कोण काय खपवील, याची धास्ती बसली. शेवटी जिच्याशिवाय सही होतच नाही, ती डिजिटल किल्ली असलेला एकमेव पेनड्राइव्ह हातोडीने ठेचला.

"त्यानंतर एकही सही झाली नाही," मी मिशीला पीळ देत म्हणालो.

शेजारी लॅपटॉपवर काम करता करता ऐकणारी पुतणी पांढरीफटक पडली.

"थापा मारू नका, काका. ही फाईल मी आत्ता बनवली. तिच्यावर तुमची सही आहे."