पुसलेल्या वह्या

आमच्या वाद्यवृंदाचा शिरस्ता असा, की उसन्या आणलेल्या स्वरलिपीच्या वह्या परत करताना वादकांनी पेन्सिलीने केलेल्या सगळ्या खुणा पुसून द्यायच्या. संगीतकार वीर्सिंगांची १९०९ सालची सिंफनी कधी छापलीच गेली नाही. हाताने लिहिलेल्या वह्यांचा एकच संच, तोही त्यांच्या हार्लेमच्या घरी. चाळीस वर्षांनी आम्ही ती पुन्हा वाजवली आणि मी तीन दिवस खोडरबर घेऊन बसलो. बासष्ट वह्या! मेल्यांनी काय काय खरडून ठेवलं होतं.

वह्या पोचवायला गेलो, तेव्हा वीर्सिंगांनी कॉफी दिली, एक बिस्कीट दिलं, डब्याचं झाकण लावलं आणि एकेक वही उलटायला घेतली.

“झाल्या की नाही नव्यासारख्या?” मी विचारलं.

“इथे टीमेनने लिहिलं होतं, ‘हिद्दे, झोपू नकोस रे.’ आणि इथे चेलोवाल्याने माझं नाक काढलं होतं.”

“म्हणजे... पहिल्या कार्यक्रमातलं? मला वाटलं, आमच्याच पोरांचा चावटपणा.”

“टीमेन गेला. हिद्दे गेला. सगळेच गेले. संध्याकाळी वह्या काढून बसलो, की भेटायचे.”

वीर्सिंगांनी डबा पुन्हा उघडला. आमच्या हॉलंडात दुसरं बिस्कीट कुणी कुणाला देत नाही. त्यांनी ते माझ्या बशीत ठेवलं, शेजारी एक पेन्सिल ठेवली.

“सावकाश खा,” ते म्हणाले. “आणि जाताना काहीतरी खरडून जा.”