घड्याळाचं चित्र

“पाणी हवंय? उशी सरकवू? बाबा, काहीतरी सांगा ना,” मृण्मयीने सकाळपासून दहाव्यांदा विचारलं. अर्धांगवायूने वडिलांची वाचा गेली त्याला महिना झाला होता.

“पुरे गं,” आई दारातूनच म्हणाली. “त्यांना आता काही कळत नाही.”

मृण्मयीचा धीर सुटला. तिने कपाटातली जुनी फाइल त्यांच्यापुढे आपटली. आयुष्यभर बाबांनी शेजारपाजारच्या मुलांना जहाजांची, विमानांची मॉडेलं जोडायला शिकवली होती आणि प्रत्येक खोक्यातला सूचनांचा कागद जपून ठेवला होता. त्या कागदांवर शब्द नव्हतेच. नुसती चित्रं, आकडे आणि बाण. “बोलता येत नाही, तर बोट तरी दाखवा,” ती रडत म्हणाली.

बाबांचा डावा हात हलला. एकेक कागद उलटत तो एका कागदाच्या कोपऱ्यातल्या घड्याळाच्या इवल्याशा चित्रापाशी थांबला. गोंद वाळेपर्यंत थांबायचं, अशी ती खूण. लहानपणी घाईघाईत तिने विमानाचा पंख मोडला, की बाबा एक शब्दही न बोलता तिथेच बोट ठेवायचे.

“आई,” ती कशीबशी म्हणाली, “इकडे ये. बाबा मला थांब म्हणतायत.”