बुडाखालचा नियम

लग्ननोंदणीच्या खिडकीवर माझी खुर्ची बुटकी, म्हणून नियमांचं पुस्तक बुडाखाली घेऊन वीस वर्षं बसतेय. "लग्नानंतर नवऱ्याचं आडनाव लावावंच लागतं," प्रत्येक नवरीला ठसक्यात सांगत आले. आज एक नवरी अडून बसली. "ताई, नियम दाखवा, मगच सही करते." उठले, पुस्तक झटकलं, पान काढलं. तिथं लिहिलं होतं: वधूची इच्छा असल्यास. मेल्याहून मेल्यासारखं झालं. गेल्या वर्षी याच खिडकीवर मी पोटच्या पोरीनं अर्जात लिहिलेलं माहेरचं आडनाव खोडलं होतं. डॉक्टर म्हणून कमावलेलं नाव होतं ते. जेवणाच्या सुट्टीत तिला फोन लावला. "बाळा, तसा नियमच नव्हता गं. माझं चुकलं." ती हळूच म्हणाली, "ठाऊक होतं मला, आई. मी वाचूनच आले होते. पण तुझे साहेब शेजारीच होते, त्यांच्यासमोर तुला कसं खोटं पाडणार?"